लाइट गेल्यावर डीजी लागतो, पण फायर पंप उचलत नाही: दोष कुठे शोधायचा

तक्रार एकाच साच्यातली असते. सोसायटीत डीजी (डिझेल जनरेटर) आहे, पंप रूममध्ये इलेक्ट्रिक मेन पंप आहे, दोन्ही वेगवेगळे तपासले तर ठणठणीत. पण लाइट गेलेली असताना पंप लावायला जावं तर एकतर पंप हलत नाही, नाहीतर तो गुरगुरतो आणि डीजीच बंद पडतो. वायरमन येतो, एखादा कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच) बदलतो, लाइट आल्यावर पंप चालवून दाखवतो आणि जातो. सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

हा दोष वारंवार परत येतो, कारण चाचणी जवळपास नेहमीच लाइट असताना होते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. त्या वेळी पंप फिरतो, गेजवर प्रेशर दिसतं, सही होते. डीजीवर, वाहत्या पाण्यानिशी पंप उचलतो का, हे तेव्हा कुणी बघितलेलं नसतं.

पुढची आकडेमोड एका ठरावीक उदाहरणावर केली आहे: वीसेक मजल्यांची निवासी इमारत, मेन पंप २,२८० लिटर प्रति मिनिट, हेड (पाणी चढवण्याची उंची) सुमारे ८८ मीटर, मोटर ५५ किलोवॅट म्हणजे ७५ एचपी, आणि डीजी १६० केव्हीए. तुमचे आकडे वेगळे असतील. मोटरच्या नेमप्लेटवरून घ्या आणि त्याच पद्धतीने मांडा.

आधी लक्षण नीट पाहा

"पंप चालत नाही" एवढ्यावर काम सुरू करू नका. डीजी चालू असताना पंप पॅनेलसमोर उभं राहून चार गोष्टी टिपा: पॅनेलवरचे आर, वाय, बी हे तिन्ही दिवे लागले आहेत का, व्होल्टमीटर किती दाखवतो, स्टार्ट दिल्यावर कॉन्टॅक्टरचा आवाज येतो का, आणि येत असेल तर एकदाच की थडथड, डीजी बंद पडला तर त्याच्या कंट्रोलरवर कोणता फॉल्ट लिहून आला. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच हरवते, कारण डीजी ऑपरेटर आधी रिसेट दाबतो. त्याला सांगून ठेवा: फॉल्टचा फोटो काढल्याशिवाय रिसेट नाही.

दिवेच नाहीत, तर वीज पंपापर्यंत आलेलीच नाही. दिवे आहेत पण कॉन्टॅक्टर गप्प, तर दोष कंट्रोलमध्ये किंवा फेज सिक्वेन्समध्ये (तीन फेजच्या क्रमात). कॉन्टॅक्टर थडथडतो किंवा डीजी बसतो, तर सुरुवातीचा करंट डीजीला झेपत नाही. पंप फिरतो पण प्रेशर चढत नाही, तर आधी उलट फिरण्याचा संशय घ्या.

पंपापर्यंत वीजच येत नाही

यात गूढ काही नसतं. मुख्य पॅनेलमध्ये दोन बस (वीज वाटणाऱ्या पट्ट्या) असतात. एक फक्त महावितरणच्या (मुंबईत जी कंपनी असेल तिच्या) पुरवठ्यावर, दुसरी एएमएफ पॅनेलमधून (लाइट जाताच डीजी आपोआप सुरू करून भार त्याच्यावर टाकणाऱ्या पॅनेलमधून) येणारी, डीजीचा आधार असलेली. लिफ्ट, जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप दुसऱ्या बसवर असतात. फायर पंपाचा फीडर (त्याला वीज देणारी केबल आणि ब्रेकर) बांधकामाच्या वेळी पहिल्या बसवर टाकला गेला आणि तसाच राहिला, असं आश्चर्य वाटावं इतक्या ठिकाणी सापडतं. कधी डीजी छोटा म्हणून मुद्दाम तसं केलेलं असतं. सिंगल लाइन डायग्राम मागवा. नसेल तर केबलचा माग काढून नवा काढून घ्या आणि पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवा.

फीडर योग्य बसवर असेल तर एएमएफचा सिलेक्टर पाहा. तो "मॅन्युअल"वर ठेवलेला असण्याची शक्यता चांगलीच असते, कारण ऑटोवर ठेवला की दर झटक्याला डीजी सुरू होतो आणि डिझेल जातं. त्यानंतर डीजीची बॅटरी. १२ व्होल्टची बॅटरी उभ्या उभ्या १२.६ दाखवते आणि स्टार्टर मारताच ८ वर कोसळते, म्हणून मीटर लावूनच क्रँक करा. क्रँकिंगमध्ये व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर ती बॅटरी बदला. तिचा चार्जर कुठल्या सॉकेटला लावलाय तेही बघा. वॉचमनच्या मोबाइलसाठी प्लग काढला जातो, ही विनोदाने सांगायची गोष्ट नाही.

पंप उचलताना डीजी बसतो

खरा गुंता इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

५५ किलोवॅटच्या मोटरचा पूर्ण भाराचा करंट ४१५ व्होल्टवर साधारण ९७ अँपिअर. थेट ऑनलाइन, म्हणजे डीओएल, सुरू केली तर सुरुवातीला त्याच्या साडेसहा पट, सुमारे ६३० अँपिअर. केव्हीएत मांडलं तर साधारण ४५०. स्टार-डेल्टा स्टार्टर मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करतो आणि वेग आला की डेल्टा जोडणीत टाकतो. स्टारमध्ये लाइनचा करंट एक तृतीयांश होतो: २१० अँपिअर, १५० केव्हीए.

व्होल्टेज किती बसेल याचा ढोबळ अंदाज असा काढतात: सुरुवातीचे केव्हीए भागिले डीजीचे केव्हीए, गुणिले अल्टरनेटरची (डीजीतल्या वीज तयार करणाऱ्या भागाची) ट्रान्झिएंट रिअ‍ॅक्टन्स. ही रिअ‍ॅक्टन्स डेटाशीटवर असते. इथे २० टक्के धरू. आलेली संख्या, भागिले एक अधिक तीच संख्या. १६० केव्हीएच्या डीजीवर स्टारमध्ये उत्तर येतं १६ टक्के घट, डीओएलमध्ये ३६ टक्के. १२५ केव्हीएच्या डीजीवर हेच आकडे १९ आणि ४२ होतात. यात आधीपासून चालू असलेल्या लिफ्ट आणि पंख्यांचा भार धरलेला नाही. तो धरला की चित्र आणखी बिघडतं.

आता कॉन्टॅक्टर. त्याची कॉइल ठरलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांना नक्की ओढते, आणि ७५ ते २० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी सोडते. व्होल्टेज ३६ टक्के घसरलं म्हणजे ६४ उरलं. कॉन्टॅक्टर सुटला, भार गेला, व्होल्टेज सावरलं, कॉन्टॅक्टर पुन्हा ओढला, पुन्हा घसरण. थडथड येते ती अशी. पाच-सात वेळा असं झालं की कॉन्टॅक्ट चिकटतात किंवा जळतात. वायरमन जो कॉन्टॅक्टर बदलून जातो तो बहुतेकदा या आजाराचा बळी असतो. आजार डीजीच्या बाजूला असतो.

"पण आमच्याकडे स्टार-डेल्टा आहे" हे उत्तर लगेच येतं. असू दे. स्टारमध्ये मोटरचा टॉर्कही एक तृतीयांश होतो, आणि व्होल्टेज १६ टक्के घसरल्यामुळे उरलेल्याचा पुन्हा ७० टक्के. म्हणजे डीओएलच्या टॉर्कचा जेमतेम पाव हिस्सा. सेंट्रिफ्युगल पंपाला लागणारा टॉर्क वेगाच्या वर्गाने वाढतो. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद असेल तर पूर्ण वेगालाही साधारण निम्माच टॉर्क लागतो, त्यामुळे पंप स्टारमध्येच जवळजवळ पूर्ण वेग गाठतो आणि डेल्टावर अलगद जातो. व्हॉल्व्ह उघडा असेल आणि लाइनमध्ये प्रेशर नसेल, तर पंप सत्तर-ऐंशी टक्के वेगावर अडकतो. त्या क्षणी टायमर डेल्टात टाकतो. मोटर अजून पूर्ण वेगाला नाही, म्हणून करंट जवळपास डीओएलइतकाच उसळतो. स्टार सुटून डेल्टा लागेपर्यंतच्या क्षणभराच्या खंडात मोटरमधलं उरलेलं व्होल्टेज आणि डीजीचं व्होल्टेज यांची फेज जुळत नाही. तो झटका वेगळाच.

वॉचमनने व्हॉल्व्ह बंद ठेवून केलेली आठवड्याची चाचणी पास होते आणि होज उघडलेला असताना पंप डीजी पाडतो, त्याचं कारण हेच. उंच इमारतीत रायझरमधल्या (वर जाणाऱ्या उभ्या पाइपमधल्या) पाण्याचा स्तंभ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह दाबून धरतो, त्यामुळे पंपाची सुरुवात हलकी होते. पण खालच्या मजल्यावर दोन होज उघडे असताना पंप थांबला तर स्तंभ रिकामा होत जातो, आणि पुन्हा सुरू होताना हा आधार मिळत नाही. जिथे हमखास फसतं तिथेच चाचणी घ्यायची, म्हणजे आवारातला यार्ड हायड्रंट पूर्ण उघडून.

दुरुस्तीची सुरुवात फुकटच्या गोष्टीपासून करा. स्टार-डेल्टाचा टायमर किती सेकंदांवर आहे? २-३ सेकंदांवर असेल तर ते स्टार्टर नावालाच स्टार-डेल्टा आहे. टंग टेस्टर (केबलभोवती अडकवायचा करंट मीटर) लावून पंप सुरू करा. करंट आधी चढेल, मग उतरेल आणि स्थिर होईल. तो स्थिर झाल्यावर सेकंदभराने डेल्टा लागायला हवा; या आकाराच्या पंपात हा वेळ बहुधा ६ ते १० सेकंद येतो. करंट उतरतच नसेल तर टायमर वाढवून उपयोग नाही. मोटर स्टारमध्ये अडकली आहे, आणि तिथे जास्त वेळ ठेवली तर वाइंडिंग तापेल.

त्यानंतर डीजीच्या फॉल्टकडे या. "अंडर व्होल्टेज" आलं असेल तर अल्टरनेटर किंवा एव्हीआर (त्याचं व्होल्टेज स्थिर ठेवणारा नियंत्रक) कमी पडतोय. "अंडर फ्रिक्वेन्सी" आलं असेल तर इंजिन दबलं: डिझेल फिल्टर चोक, एअर फिल्टर भरलेला, गव्हर्नर सुस्त, किंवा टर्बो इंजिनाला एका फटक्यात एवढा भार घेणं जमत नाही. "ओव्हरकरंट" असेल तर डीजीच्या ब्रेकरचं सेटिंग पाहा. १६० केव्हीएचा पूर्ण करंट २२३ अँपिअर असतो आणि इलेक्ट्रॉनिक रिलीजमध्ये शॉर्ट टाइम पिकअप (क्षणिक करंटची ब्रेकर पाडणारी मर्यादा) तळाला ठेवलेला असला की डेल्टाचा झटकाही त्याला फॉल्ट वाटतो. हे तीन आजार वेगळे आहेत. तिघांवर "मोठा डीजी घ्या" हा एकच इलाज सांगणाऱ्याकडून घाईने कोटेशन घेऊ नका.

अल्टरनेटर कमी पडत असेल तर संपूर्ण संच बदलायची गरज नसते. त्याच इंजिनावर एक-दोन फ्रेम मोठा अल्टरनेटर बसवता येतो का, हे डीजीच्या सर्व्हिस डीलरला विचारा. १६० च्या इंजिनावर २५० केव्हीएचा अल्टरनेटर म्हणजे सुरुवातीची घट दोन तृतीयांशाच्या आसपास येते. एक्सायटेशन पर्मनंट मॅग्नेटवाली असेल तर व्होल्टेज लवकर सावरतं.

सॉफ्ट स्टार्टरचा, म्हणजे सुरुवातीचा करंट आवरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्टार्टरचा सल्ला सर्रास मिळतो. तो घेताना एक हिशेब करा. करंट लिमिट ३०० टक्के ठेवली तर टॉर्क डीओएलच्या एकपंचमांशाच्या आसपास, म्हणजे स्टारपेक्षाही कमी. पंप तिथेच अडकणार. लिमिट ४०० टक्के केली तर टॉर्क ३८ टक्के मिळतो, पण केव्हीए २८० वर जातात आणि १६० केव्हीएच्या डीजीवर २६ टक्के घट. फायदा एवढाच की मधला खंड आणि त्याचा झटका जातो. सॉफ्ट स्टार्टर बसवलाच तर त्याच्याशेजारी बायपास कॉन्टॅक्टर आणि वेगळी डीओएलची वाट हवीच. पंप रूममधल्या दमट हवेत इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर पंप त्याच्यासाठी थांबता कामा नये.

आता उरला भार. आगीच्या वेळी डीजीवर काय काय असायला हवं ते मोजा: पंप ५९ किलोवॅट, जिना प्रेशरायझेशनचे दोन पंखे १५, फायरमन लिफ्ट ११, आणीबाणीचे दिवे व अलार्म ५. बेरीज ९० किलोवॅट. १६० केव्हीएचा डीजी ०.८ पॉवर फॅक्टरला १२८ किलोवॅट देतो, म्हणजे चालवायला पुरतो. पण त्यावर क्लबहाउसचे एसी, पोडियमचे दिवे, इतर लिफ्ट आणि ईव्ही चार्जर आले की ना जागा उरते ना सुरुवातीच्या झटक्याला वाव. यासाठी फायर पंपाच्या पॅनेलमधून एक सहायक कॉन्टॅक्ट घेऊन बाकी फीडर तोडायची सोय करा. पंपाला स्टार्टचा आदेश मिळाला की आधी ते फीडर पडतात, दोन सेकंदांनी पंप उचलतो. कंट्रोल केबल, तीन-चार शंट ट्रिप (इशारा मिळताच ब्रेकर पाडणाऱ्या कॉइल) आणि एक टायमर, एवढ्यात हे होतं. मोठा डीजी विकत घेण्याआधी हे करून पाहावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चालू पंप, गेलेली लाइट, आणि परत न येणारा पंप

पंप महावितरणवर चालू आहे, मध्येच पुरवठा जातो, डीजी दहा-पंधरा सेकंदांत भार घेतो आणि पंप मात्र तसाच उभा. याचं कारण सिलेक्टर स्विचमध्ये असतं. "मॅन्युअल"मध्ये हिरवं बटण दाबून पंप लावला की तो होल्डिंग कॉन्टॅक्टवर चालतो. वीज क्षणभर गेली की होल्ड सुटतो आणि कुणीतरी जाऊन पुन्हा बटण दाबावं लागतं. "ऑटो"मध्ये प्रेशर स्विचचा आदेश टिकून राहतो, त्यामुळे वीज येताच पंप आपोआप स्टारपासून सुरू होतो. म्हणून मेन पंप कायम ऑटोवर, आणि तो आपोआप सुरू व्हावा पण हातानेच बंद व्हावा अशी वायरिंग. पंप उचलल्यावर प्रेशर चढलं म्हणून तो आपोआप थांबत असेल तर ती वायरिंग चुकीची आहे. आपोआप बंद होण्याची मुभा फक्त जॉकी पंपाला, म्हणजे लाइनचं प्रेशर राखणाऱ्या छोट्या पंपाला.

परतीच्या बाजूलाही लक्ष द्या. लाइट आली रे आली की चेंजओव्हर परत फिरू नये. पुरवठा सलग ३ ते ५ मिनिटं स्थिर राहिल्यावरच फिरावा, आणि मध्ये तटस्थ जागी २-३ सेकंदांचा विसावा असावा. नाहीतर फिरत्या मोटरवर तिच्या उरलेल्या व्होल्टेजशी फेज न जुळणारा पुरवठा आदळतो. कपलिंगचे रबर बुश वारंवार फाटत असतील तर हेही एक कारण तपासा.

मेन पाडला की पंपही पडतो

आग लागली की पहिली हाक येते, "मेन पाडा". वॉचमन पाडतो, नाहीतर अग्निशमन दलाचे जवान येऊन पाडतात, आणि ते बरोबरच आहे. फायर पंपाचा फीडर त्याच मेन ब्रेकरच्या पुढून घेतलेला असेल तर पंपही जातो. काही ठिकाणी डीजी त्यानंतर सुरूच होत नाही, कारण एएमएफला पुरवठा मेनच्या आधीच्या बाजूने दिसत असतो आणि त्याच्या लेखी लाइट आहेच.

फीडर इमारतीच्या मेन ब्रेकरच्या आधी, स्वतंत्र ब्रेकरवरून घ्यायला हवा. जमत असेल तर स्वतंत्र मीटरवर. पंप पॅनेलमध्येच दोन इनकमर आणि स्वतःचा चेंजओव्हर असावा: एक महावितरणचा, एक थेट डीजीवरून. इमारतीच्या सामायिक एएमएफवर अवलंबून राहणं ही स्वस्त व्यवस्था आहे आणि तिचा दोष याच प्रसंगी कळतो. या ब्रेकरवर लाल पाटी लावा: "फायर पंप. आग लागल्यास बंद करू नये." पाटी मराठीत आणि हिंदीत.

केबलबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. एफआरएलएस म्हणजे आगीत टिकणारी केबल नव्हे. ती आग पसरवत नाही आणि धूर कमी करते, एवढंच. आगीतही वीज वाहून नेणारी केबल वेगळी, फायर सर्व्हायव्हल म्हणून मिळते. सीडब्ल्यूझेड वर्गाची केबल ९५० अंश सेल्सिअसला ३ तास टिकते. डीजीपासून पंपापर्यंतची केबल बेसमेंटच्या पार्किंगच्या छताखालून, गाड्यांच्या डोक्यावरून जात असेल, तर पार्किंगमधल्या आगीत सगळ्यात आधी तीच जाईल. बदलताना ट्रे आणि सपोर्टही त्याच दर्जाचे हवेत.

छोटी कारणं, मोठा वेळ खाणारी

फेज सिक्वेन्स. महावितरणची आर-वाय-बी आणि डीजीची आर-वाय-बी जुळत नसेल तर दोनपैकी एक होतं. पॅनेलमध्ये फेज सिक्वेन्ससह सिंगल फेज प्रिव्हेंटर (फेज गेला किंवा क्रम उलटला तर मोटर अडवणारा रिले) असेल तर पंप सुरूच होत नाही. नसेल तर पंप उलटा फिरतो आणि प्रेशर चढत नाही. अल्टरनेटरची दुरुस्ती किंवा केबलचा लग (टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) बदलल्यानंतर हे हमखास होतं. फेज सिक्वेन्स मीटरने दोन्ही पुरवठे पंप पॅनेलच्या इनकमरवर तपासा आणि डीजीच्या बाजूच्या कुठल्याही दोन फेज अदलाबदल करा. मोटरच्या टर्मिनलवर अदलाबदल केली तर डीजीवर सुलटा आणि लाइटवर उलटा, एवढाच फरक पडेल. प्रिव्हेंटर बायपास करून मोकळे होणारेही भेटतात. तसं करू देऊ नका.

ओव्हरलोड रिले. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तो बहुधा मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, फेज करंटच्या वाटेत असतो. तिथे सेटिंग पूर्ण करंटच्या ५८ टक्के लागतं: ९७ अँपिअरच्या मोटरला ५६. त्यावर ९७ लावलं तर संरक्षणच नाही. रिले लाइनमध्ये असताना ५६ लावलं तर पंप मिनिटभरात बंद. आधी रिले कुठे जोडलाय ते बघा. अमेरिकेचं एनएफपीए २० हे मानक तर फायर पंपाला साधा ओव्हरलोड रिले मानतच नाही. मोटर जाम झाली तरच, तेही ८ ते २० सेकंदांनी, पुरवठा तोडायला सांगतं. इमारत जळत असताना मोटर वाचवण्यात अर्थ नाही, हा त्यामागचा हिशेब. आपल्या पॅनेलमध्ये रिले ट्रिपऐवजी हूटरवर देता येतो. परवानाधारक एजन्सीशी बोलून, लेखी घेऊन करा.

अर्थ लीकेज रिले. पावसाळ्यात कोकणपट्टीच्या पंप रूममध्ये भिंतींना पाझर असतो. महिनोन् महिने न चाललेली मोटर ओल धरते आणि सुरू करताच हा रिले (ईएलआर) पुरवठा पाडतो. ५०० व्होल्टच्या मेगरने मोटरचं इन्सुलेशन तपासा. १ मेगाओमच्या खाली असेल तर मोटर सुकवल्याशिवाय लावू नका. स्पेस हीटर असेल तर तो खरंच गरम होतो का, हात लावून बघा. पॅनेल आणि डीजी तळाच्या बेसमेंटमध्ये असतील तर त्यांचे चौथरे उंच करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. बेसमेंटमधल्या पॅनेलचं नियोजन ते आठवून व्हावं.

अ‍ॅल्युमिनियमचे लग. तापून-निवून ढिले पडतात, एका फेजला व्होल्टेज कमी मिळतं. वर्षातून एकदा आवळा. काळे पडलेले लग कापून नवीन क्रिंप करा.

पहाटे तीनला सुरू होणारा डिझेल पंप

डिझेल इंजिनवर चालणारा दुसरा पंप असेल तर डीजीची काय गरज, असा प्रश्न कमिटीच्या बैठकीत हमखास येतो. उत्तर जॉकी पंपात आहे. मिनिटाला १८० लिटरचा हा छोटा पंप लाइनमधली बारीक गळती भरून काढत असतो. तो डीजीवर नसेल तर लाइट गेल्यावर प्रेशर हळूहळू उतरतं. समजा जॉकी ६.३ किलोला लागून ७ ला बंद होतो, मेन पंप ५.५ ला आणि डिझेल पंप ४.५ ला. तासाभरात प्रेशर ५.५ वर आलं, मेन पंपाला वीज नाही, प्रेशर आणखी उतरलं आणि पहाटे तीनला डिझेल इंजिन धडधडत सुरू झालं. लोक उठले, वॉचमनला बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी डिझेल पंपाचा सिलेक्टर "ऑफ"वर फिरवून ठेवला. आता लाइट गेली की इमारतीला एकही पंप उरत नाही आणि हे कुणाला माहीतही नाही.

इलाज दोन: जॉकी पंप आणि डिझेल पंपाचा बॅटरी चार्जर डीजीच्या बसवर घ्या, आणि गळती शोधा. जॉकी तासाला दोन-तीनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर गळती आहे. लँडिंग व्हॉल्व्हचे वॉशर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची सीट आणि जमिनीखालची यार्ड लाइन या क्रमाने बघा. गच्चीवरच्या बूस्टर पंपाचा फीडरही त्याच वेळी तपासून घ्या; तो जिन्याच्या दिव्यांच्या छोट्या ब्रेकरवर टांगलेला सापडू शकतो.

खरी चाचणी कशी घ्यायची

सकाळी दहाच्या सुमारास, आदल्या दिवशी नोटीस लावून. लिफ्ट तळमजल्यावर आणून रिकाम्या ठेवा. टाकी भरलेली आहे ना पाहा: २,२८० लिटरचा पंप दहा मिनिटांत बावीस हजारांहून जास्त लिटर ओढतो आणि ७५ हजारांची टाकी तेहतीस मिनिटांत संपवतो, म्हणून पाणी परत टाकीत नेणारी टेस्ट लाइन असेल तर तीच वापरा. नसेल तर यार्ड हायड्रंटला होज लावून ब्रांचपाइपवर दोन माणसं उभी करा; एकट्याने धरू नये.

सिलेक्टर ऑटोवर. हायड्रंट पूर्ण उघडा, मेन पंप आपोआप लागू द्या, प्रवाह स्थिर होऊ द्या. आता इमारतीचा मेन इनकमर पाडा आणि घड्याळ लावा. फायर पंपाचा स्वतंत्र फीडर असेल तर पंप थांबताच कामा नये; तशी खात्री झाली की तो फीडरही पाडा. डीजी किती सेकंदांत आला, पंप हात न लावता परत उचलला का, उचलताना व्होल्टमीटर किती खाली गेला, डीजीची फ्रिक्वेन्सी किती घसरली, डेल्टा लागताना काय झालं, हे लिहून घ्या. हे सगळं एका माणसाला दिसत नाही. एकाला डीजीपाशी, एकाला पंप पॅनेलपाशी उभं करा आणि मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ घ्या. घसरण डोळ्यांना दिसण्याआधी सावरलेली असते, व्हिडिओ संथ करून पाहिला की कळते.

पंप दहा मिनिटं चालवा. मोटरचा करंट तिन्ही फेजला जवळपास सारखा हवा. त्यानंतर पुरवठा परत द्या, चेंजओव्हर ठरलेल्या मिनिटांनी फिरतो आणि पंप पुन्हा उचलतो हे पाहा, मगच हाताने बंद करा. ही चाचणी वर्षातून दोनदा, फॉर्म बी देण्याआधी, एजन्सीच्या माणसासमोर व्हावी. एरवी डीजी दर आठवड्याला रिकामा पंधरा मिनिटं फिरवण्यापेक्षा महिन्यातून एकदा ३० टक्क्यांहून जास्त भारावर अर्धा तास चालवा. रिकाम्या फिरण्याने इंजिनात न जळलेलं डिझेल आणि काजळी साठते, आणि भार घ्यायची वेळ आली की तेच इंजिन दबतं.

नोंदवहीत तारखेबरोबर दोन आकडे नक्की लिहा: पंप उचलतानाचं सर्वात कमी व्होल्टेज आणि डीजीने भार घ्यायला लावलेले सेकंद. मागच्या खेपेला ३५० व्होल्टपर्यंत उतरलेलं या खेपेला ३२० पर्यंत गेलं असेल तर एव्हीआर किंवा डिझेल फिल्टर तपासायला लगेच माणूस बोलवा, पुढच्या जुलैपर्यंत थांबू नका.